मुलांच्या यकृतातील मेद : कारणे आणि प्रतिबंध

वार्षिक अहवालात जमाखर्च व रुग्णसेवेच्या आकड्यांसमवेत एका आरोग्यविषयाचा परिचय करून द्यावा, असा आमचा प्रघात आहे. यंदा आम्ही लहान मुलांच्या यकृतात साठणाऱ्या मेदाचा, अर्थात ‘फॅटी लिव्हर’चा विषय घेतला आहे. यकृताचा विकार म्हणजे मद्यपानाचा परिणाम, अशी सर्वसाधारण समजूत असल्याने मुलाच्या सोनोग्राफीच्या अहवालात हे शब्द वाचून पालक गोंधळून जातात. हा विकार मुलांना का होतो आणि तो टाळता येतो का, या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

विकाराचे स्वरूप

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब साठले, की यकृत मेदयुक्त झाले असे मानतात. बहुतेक मुलांना याचा काहीही त्रास जाणवत नाही आणि हाच या विकाराचा मोठा धोका आहे. काही मुलांत पुढे यकृताला सूज येते, निरोगी पेशींची जागा तंतूंचे जाळे घेऊ लागते आणि कालांतराने सिरोसिसही होऊ शकतो. मद्य न घेणाऱ्या प्रौढांमधील अशा सुजेला १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी स्वतंत्र नाव दिले. १९८३ मध्ये स्थूल मुलांतही तीच विकृती आढळल्याची नोंद झाली. २०२३ साली तज्ज्ञांनी या विकाराचे नाव बदलून ते चयापचयातील बिघाडाशी जोडले.

त्याचा प्रसार किती असावा, याची कल्पना २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. अमेरिकेतील सॅन दिएगो परगण्यात २ ते १९ वर्षे वयाच्या ७४२ मृत मुलांची शवविच्छेदने तपासण्यात आली. त्यावरून तेथील मुलांत या विकाराचे प्रमाण ९.६ टक्के असल्याचा अंदाज निघाला. स्थूल मुलांत ते ३८ टक्के होते.

कारणमीमांसा

या विकाराला एकच कारण नाही. खाल्लेली ऊर्जा हालचालीने खर्च झाली नाही, तर ती मेदरूपाने साठते. त्यात साखरेचा वाटा विशेष आहे. साखरेतील निम्मा भाग ग्लुकोजचा, तर निम्मा फ्रुक्टोजचा असतो. ग्लुकोज सर्व शरीर वापरते. फ्रुक्टोजचा भार मात्र मुख्यत्वे यकृतावर पडतो आणि अतिरिक्त फ्रुक्टोजचे तेथे मेदात रूपांतर होते. ३०० मिलिलिटर शीतपेयात साधारणतः ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे सहा चहाचे चमचे साखर असते.

आनुवंशिकतेचाही त्यात भाग आहे. ‘पीएनपीएलए३’ या जनुकातील एका बदलामुळे यकृतात मेद अधिक साठतो, हे २००८ साली दिसून आले. आपल्याकडे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांत माता-बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. तरीही आपल्या बालकांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने मेद अधिक टिकून असल्याचे आढळले. म्हणून मूल सडपातळ दिसते एवढ्यावरून निश्चिंत राहणे बरे नव्हे. वजनाइतकेच पोटाच्या घेराकडेही लक्ष द्यावे.

पुण्याने दिलेला धडा

मुलांच्या यकृतविकाराचे मूळ स्वयंपाकघरात सापडल्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. एकेकाळी ‘भारतीय बालकांचा सिरोसिस’ हा विकार अनेक तान्ह्या मुलांचा बळी घेत असे. पुण्यात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे व इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी त्याचा शोध घेतला. या बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले होते, आणि त्यांपैकी अनेकांना कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापवलेले व ठेवलेले वरचे दूध लहानपणीच दिले गेले होते. १९८३ पासून हे निष्कर्ष प्रसिद्ध होत गेले. भांडी बदलली, स्तनपानावर भर देण्यात आला आणि हा विकार जवळजवळ नाहीसा झाला. एका घरगुती सवयीतील बदलाने असंख्य मुले वाचली.

प्रतिबंध आणि उपचार

मेदयुक्त यकृताची गोष्ट इतकी सरळ नाही. तेथे एक भांडे बदलून भागत नाही. औषधांचा आधारही तोकडा आहे. ‘इ’ जीवनसत्त्व आणि मेटफॉर्मिन यांची मुलांवर झालेली मोठी चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकानेही यकृताच्या एस.जी.पी.टी. या रक्तचाचणीतील वाढ टिकाऊपणे उतरली नाही. याउलट २०१९ मधील एका चाचणीत हा विकार असलेल्या ११ ते १६ वर्षे वयाच्या ४० मुलांपैकी निम्म्यांच्या आहारातील वरून घातलेली साखर आठ आठवडे अगदी कमी करण्यात आली. त्यांच्या यकृतातील मेद २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला. इतरांचा २१ वरून केवळ २० वर. या चाचणीत आहार मुलापुरता नव्हे, तर सबंध कुटुंबासाठी बदलला होता, हे महत्त्वाचे.

यावरून पालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. शीतपेये व डबाबंद रस घरात आणू नयेत. तहानेला पाणी वा ताक द्यावे आणि रसाऐवजी सबंध फळ द्यावे.
२. बिस्किटे, वेफर्स, फरसाण यांऐवजी भाजी-भाकरी, उसळी, भाजलेले चणे-शेंगदाणे असा खाऊ द्यावा.
३. रोज किमान एक तास मैदानी खेळ व्हावा. जेवताना दूरचित्रवाणी व मोबाइल बंद असावेत.
४. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे.
५. स्थूल मुलाची नवव्या ते अकराव्या वर्षापासून एस.जी.पी.टी. चाचणी करावी. ती वाढलेली आढळल्यास अन्य यकृतविकार नाहीत, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी.
६. वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये व जाहिरातीतील ‘लिव्हर टॉनिक’ मनाने देऊ नये.

देणगीतून उभे राहिलेले यंत्र डोळ्यांना दिसते. न झालेला आजार कोणालाच दिसत नाही. तरीही शाळाशाळांतून मुलांची वजन-उंची मोजणे, मातांना आहाराचा सल्ला देणे यांवर खर्च होणारा रुपया पुढील महागडे उपचार टाळू शकतो. देणगीदार व विश्वस्तांनी या कार्यालाही आपल्या औदार्यात स्थान द्यावे आणि पालकांनी आपल्या घरापासून आरंभ करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.