मूर्तिकामासाठी जुना लॅपटॉप



कलेच्या कामासाठी वापरलेला लॅपटॉप घेताना आधी काम ठरवावे लागते. यंत्र त्यानंतर ठरते. पेण तालुक्यात हे काम मुख्यतः गणपतीभोवती फिरते. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत मूर्तींचे कारखाने जवळजवळ वर्षभर चालू असतात. त्यांच्याकडून संगणकावर येणारी कामे ढोबळमानाने चार: मंडळांचे फलक आणि पत्रिका, कारखान्याचा मोबाइलवर पाठवायचा कॅटलॉग, मूर्तींचे आणि मिरवणुकीचे व्हिडिओ, आणि नव्या मूर्तीची त्रिमितीय घडण. या घडणीवरून थ्रीडी प्रिंटरने नमुना काढता येतो आणि त्या नमुन्यावरून पुढे रबरी साचा करता येतो. फलकाला साधे यंत्र पुरते. व्हिडिओला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. घडणीला मेमरी लागते, आणि ती भरपूर लागते. चारही कामे एकाच स्वस्त यंत्रावर करू पाहणाऱ्याची चारही अडतात. म्हणून पहिल्या वर्षी ज्या कामातून पैसे येणार आहेत, त्या कामापुरते यंत्र घ्यावे.

दुकानदार ‘आय-फाइव्ह आहे’ एवढेच सांगतो. त्यातून काही कळत नाही, कारण २०१० मध्येही आय-फाइव्ह होता आणि पुढेही वर्षानुवर्षे येत राहिला. पाहायचा असतो पुढचा आकडा. आय-५-८३५०यू यातला ८ म्हणजे आठवी पिढी. हलक्या लॅपटॉपांत बसणाऱ्या इंटेल प्रोसेसरना सातव्या पिढीपर्यंत दोनच गाभे (कोर) असत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या आठव्या पिढीत ते चार झाले. एका पायरीत एवढी वाढ त्याआधी बरीच वर्षे झाली नव्हती. दुसरे कारण विंडोजचे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी मान्य असलेली इंटेलची यादी जवळजवळ आठव्या पिढीपासूनच सुरू होते. सातव्या पिढीचा लॅपटॉप थोडा स्वस्त पडतो. पण ज्याला लिनक्सवर काम करायचे नाही, त्याने त्या मोहात पडू नये.

पिढी ठरल्यावर सर्वांत मोलाचा प्रश्न येतो: यंत्र उघडते का, आणि उघडल्यावर त्यात काय बदलता येते? मुंबईत राहणाऱ्याला हा प्रश्न तितका जाचत नाही. पेण-रोह्याकडे मात्र सुटा भाग बहुधा बाहेरून मागवावा लागतो आणि हंगामात दोन दिवस यंत्र बंद राहिले तर ठरलेले काम हातचे जाते. म्हणून इथल्या माणसाने वेगाआधी दुरुस्तीची सोय पाहावी. कंपन्या तीन-चार वर्षे वापरून एकगठ्ठा विकतात ते कचेरीचे लॅपटॉप या कसोटीला उतरतात. लेनोव्होचा थिंकपॅड टी-४८०, डेलचा लॅटिट्यूड ५४९० आणि एचपीचा एलिटबुक ८४० जी-५ हे तिन्ही २०१८ चे आहेत. तिन्हींत डीडीआर-४ रॅमच्या दोन पट्ट्या बसतात आणि कंपनीच्या हिशेबानेच ३२ जीबीपर्यंत जाता येते. खालचे झाकण स्क्रू काढले की निघते, आणि एवढे काम पेणचा कोणताही संगणक दुरुस्त करणारा करू शकतो. टी-४८० ला तर दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी.

नावात एका अक्षराचा फरक असला तरी यंत्र वेगळे असते, हे इथे फार जपावे. टी-४८०एस दिसायला देखणा आणि हलका, पण त्याची काही मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि पट्टीला एकच जागा उरते. एक्स-१ कार्बनमध्ये तर तीही नसते. ॲपलने मॅकबुक प्रोमध्ये २०१२ च्या रेटिना मॉडेलपासून मेमरी बोर्डाला जोडायला सुरुवात केली. नंतर साठवणही तशीच झाली. इंटेलवाल्या मॅकसाठी टाहो ही शेवटची मॅकओएस असेल, हे कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले. २०२० च्या अखेरीस आलेला एम-१ मॅकबुक एअर आजही चपळ आहे, पण त्याची ८ जीबी कधीच १६ होत नाही. तो घ्यायचाच तर १६ जीबीचाच शोधावा, आणि आधीच्या मालकाचा ॲक्टिव्हेशन लॉक आपल्यासमोर काढून घ्यावा.

मेमरीचा हिशेब असा. ब्लेंडरच्या निर्मात्यांनी किमान ८ जीबी सांगितली आहे आणि शिफारस ३२ ची केली आहे. मुकुट, दागिने, वस्त्राच्या चुण्या अशा बारीक कामाची मूर्ती लाखो पृष्ठभागांची होते आणि ८ जीबीत ती हलवतानाच यंत्र थबकते. १६ जीबी ही कामाची सुरुवात धरावी. ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत असणे फायद्याचे, कारण वेगळे कार्ड नसलेल्या लॅपटॉपात चित्र रंगवण्याचे कामही याच मेमरीतून चालते आणि दोन पट्ट्यांमुळे तिची वाट रुंद होते. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही, म्हणून जुन्या यंत्रातली पट्टी नव्यात लावायचा बेत करू नये. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत. त्यामुळे ‘आज ८ जीबीचा घेऊ, पुढे वाढवू’ हा पूर्वीचा शहाणपणा आता महागात पडू शकतो. १६ जीबी असलेलाच मिळाला तर तो घ्यावा.

साठवणीबद्दल थोडक्यात सांगता येते. फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप स्वस्त मिळाला तर हरकत नाही, पण डिस्क पहिल्याच दिवशी बदलावी. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या खाचेत ३,५०० पर्यंत जाते. मूर्तीच्या घडणीला हा फरक फारसा जाणवत नाही, व्हिडिओला जाणवतो. ५१२ जीबीपेक्षा कमी घेऊ नये.

आता स्क्रीन. जुने लॅपटॉप घेणारे इथेच सर्वाधिक फसतात, कारण दुकानात सगळेच पडदे चकाकतात. कचेरीचे बहुतेक लॅपटॉप हिशेबाच्या कामासाठी घेतलेले असतात आणि त्यांत ‘४५ टक्के एनटीएससी’ प्रतीचा पडदा असतो. अशा पडद्यावर एसआरजीबी या प्रमाण रंगपटातले साधारण साठच टक्के रंग दिसतात. पितांबराचा पिवळा, शेल्याचा लाल, शाडूच्या अंगावरचा गुलाबी हे नेमके मार खाणारे रंग आहेत. पडद्यावर फिका वाटतो म्हणून लाल वाढवला जातो आणि छापून आलेला फलक भडक निघतो. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे जवळजवळ पूर्ण एसआरजीबी. यंत्राच्या नेमक्या मॉडेलवर शोधल्यास त्यात कोणता पडदा आहे ते कळते. पडदा आयपीएस आणि १९२०×१०८० चा असावा. १३६६×७६८ चा घेऊच नये. चांगला पडदा मिळत नसेल तर वापरलेला २४ इंची आयपीएस मॉनिटर वेगळा घ्यावा. लॅपटॉपचा पडदा बदलण्यापेक्षा हा मार्ग सोपा आहे, आणि पुढे लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर राहतो.

ग्राफिक्स कार्डाबाबत समज-गैरसमज बरेच आहेत. मातीसारखे दाबून-ओढून घडवण्याचे काम झेडब्रशमध्ये प्रोसेसर आणि मेमरीवर चालते. तिथे महाग कार्ड फारसे मदत करत नाही. ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र काढताना आणि दाविंची रिझॉल्व्हमध्ये व्हिडिओ जोडताना मात्र कार्डच काम ओढते. असे काम नक्की असेल तर थिंकपॅड पी-५२, डेल प्रिसिजन ७५३० किंवा एचपी झेडबुक १५ जी-५ पाहावेत. त्यांत क्वाड्रो कार्डे येतात आणि रॅमला चार खाचा असतात. ते जड असतात, चार्जर विटेएवढा असतो आणि बॅटरीवर फार टिकत नाहीत. एका टेबलावर बसून काम करणाऱ्याला यातले काहीच अडचणीचे नाही.

खरेदीसाठी मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा जुना बाजार आहे. तिथे दुपारी घाईत पोहोचून संध्याकाळच्या गाडीच्या काळजीत खरेदी करू नये; सकाळची रोहा-दिवा गाडी पकडून निघावे आणि दिवस हाताशी ठेवावा. सोबत पेनड्राइव्हवर ब्लेंडरची न बसवता चालणारी प्रत आणि आपलीच एखादी जड फाइल न्यावी. पंधरा मिनिटे रेंडर लावून ठेवला की पंखा, उष्णता आणि मंदावणारा वेग सारे उघडे पडते. तेवढ्या वेळात बिजागऱ्या, प्रत्येक बटण, प्रत्येक पोर्ट, वाय-फाय आणि कॅमेरा पाहून होतो. पडद्यावर शुद्ध पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग भरून डाग शोधावेत. टचपॅड वर उचललेला दिसला तर खालची बॅटरी फुगलेली असण्याचा संभव असतो. तो लॅपटॉप तिथेच ठेवावा. विंडोजच्या ‘बॅटरी रिपोर्ट’मध्ये मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात, क्रिस्टलडिस्कइन्फोत एसएसडीची तब्येत दिसते.

दोन कुलपे विशेष पाहावीत. सुरू होताना बायोसमध्ये शिरून पासवर्ड विचारतो का ते बघावे. मग विंडोज नव्याने बसवून, इंटरनेट जोडून पहिला पडदा येऊ द्यावा. तिथे एखाद्या कंपनीचे नाव आले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या यादीत आहे आणि कधीही बंद होऊ शकते. बिलावर सीरियल नंबर लिहून घेणे हे सौद्याचाच भाग समजावे. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि बिलाविना घेतलेल्या यंत्राची बाजू मांडणे कठीण जाते.

यंत्र घरी आल्यावर खर्चाचा क्रम असा ठेवावा: एसएसडी, मग मेमरी, मग पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे, मग बॅटरी. पेस्टचे काम स्वस्त असते आणि बरेच जण ते विसरतात. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि दोष उगाच मेमरीला दिला जातो. चार्जर कंपनीचाच ठेवावा. डेलचे लॅपटॉप अनोळखी चार्जर लावला की वेग कमी करतात आणि बॅटरी भरत नाहीत. टी-४८० फक्त यूएसबी-सीवरून चार्ज होतो आणि त्या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमधल्या दोषामुळे ते पोर्ट निकामी होत; लेनोव्होने दिलेली सुधारणा पहिल्याच दिवशी बसवावी. घडणीसाठी लहानसा पेन टॅबलेट घ्यावाच. माऊसने कान वळतो, सोंड वळत नाही.

लॅपटॉप कारखान्यात ठेवू नये. प्लास्टरची मूर्ती पॉलिश पेपरने घासताना उडणारी भुकटी पंख्यात जाते, पावसाळ्याच्या दमट हवेत ओल धरते आणि पात्यांवर, जाळीवर घट्ट बसते. फवाऱ्याच्या रंगाचे कणही तसेच चिकटतात. काम दाखवायला नेलेच तर भुकटीपासून दूर, बॅटरीवर चालवावे आणि परत आणल्यावर जाळी ब्रशने झाडावी. पेणची खारेपाटाची बाजू खाडीला लागून आहे. खारी हवा पोर्टांच्या धातूला खाते. जून ते सप्टेंबर यंत्र कपाटात बंद ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालवलेले बरे, कारण त्याच्याच उबेने आतली ओल जाते. गडगडाट सुरू झाला की चार्जर आणि इंटरनेटची तार दोन्ही काढावीत. वीज जाणे हे हंगामातले नेहमीचेच. चांगली बॅटरी असली की काम वाचते. मॉनिटर मात्र लगेच मावळतो, त्याला लहान यूपीएस जोडावा.

सॉफ्टवेअरसाठी पैसे लगेच घालवायची गरज नाही. ब्लेंडर, क्रिटा आणि इंकस्केप विनामूल्य आहेत, आणि त्यांच्यावर केलेले काम कायदेशीर राहते. अक्षरांसाठी एक टाइपचे मुक्त परवान्यातले मुक्ता आणि बलू हे टंक युनिकोडवर चालतात. जुन्या श्री-लिपी टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हांत उघडतो. म्हणून फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्यावेत आणि मजकुराची वेगळी प्रत जपून ठेवावी. घडवलेल्या प्रत्येक मूर्तीच्या फाइलची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी असावी. डिस्क आठवड्याला एकदा जोडून लगेच काढावी, कायम जोडलेली ठेवू नये.