स्वतःचं ‘डॉट’ हवंय? आधी दोन कोटी बाजूला काढा

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यातल्या एखाद्या राईस मिलला ‘.कॉम’, ‘.इन’सारखं स्वतःचं ‘.कामठा’ किंवा ‘.तांदूळ’ घेता येईल का? येईल. अर्ज ऑनलाइन आहे, गोंदिया-नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. शुल्क मात्र २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये, आणि तेही एका नावाचं. देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत हवं असेल तर दोन अर्ज, दोनदा पैसे.

अर्ज घेते लॉस एंजेलिसची ‘आयकॅन’ ही संस्था. या फेरीची मुदत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६. विलंब शुल्क भरून नंतर अर्ज देण्याची सोय नाही, आणि याआधीची फेरी २०१२ साली झाली होती. तेव्हा शुल्क होतं १ लाख ८५ हजार डॉलर.

व्यक्तीला अर्ज करता येत नाही, एकट्याच्या मालकीच्या दुकानालाही नाही. नोंदणीकृत कंपनी किंवा संस्थाच लागते. नोंदणीचे पुरावे, संचालकांची व मोठ्या भागधारकांची माहिती, ताळेबंद हे सगळं इंग्रजीत तयार ठेवा. संचालकांची पार्श्वभूमीही तपासली जाते.

आता खरा खर्च. दोन कोटी ही फक्त दारातली पावती. मंजुरी मिळाली की दहा वर्षांचा करार होतो आणि आयकॅनला दरवर्षी सुमारे २५ हजार डॉलर द्यावे लागतात, मग तुमच्या ‘डॉट’खाली एकही नाव विकलं गेलं नाही तरी. सर्व्हर आणि नोंदवही सांभाळायला आयकॅनच्या तांत्रिक चाचणीत पास झालेली कंपनीच लागते. तिचं बिल वेगळं. परदेशी पैसे पाठवताना बँक डॉलरचा भाव स्वतःचा लावते. जीएसटी आणि टीडीएस लागतो का, हे पैसे पाठवण्याआधीच सीएला विचारा. काही जादा तपासण्यांचं शुल्कही वेगळं आकारलं जातं. अर्ज मागे घेतलात तर परतावा मिळतो, पण जितका उशीर तितका कमी.

तेच नाव दुसऱ्यानेही मागितलं तर? शेवटी लिलाव. २०१६ मध्ये ‘.वेब’ साडेतेरा कोटी डॉलरला गेलं. आपसात पैसे देऊन मिटवायला या फेरीत बंदी आहे.

गावाचं नाव गावासाठीच वापरणार असाल तर सरकारी संमतीपत्र लागू शकतं, आणि कामठा नावाचं गाव नांदेड जिल्ह्यातही आहे. ही अडचण मोठ्यांनाही चुकली नाही. मुंबईच्या टाटा समूहाने ‘.टाटा’ मागितलं, पण मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत निघाला आणि तिथल्या सरकारच्या संमतीवर अर्ज अडला. ‘.टाटामोटर्स’ मात्र मिळालं.

मिळालं तरी उपयोग होईलच असं नाही. स्टेट बँकेने स्वतःचं ‘.एसबीआय’ घेतलं, संकेतस्थळही त्यावर नेलं. पुढे रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘.बँक.इन’वर यायला सांगितलं, आणि स्टेट बँकही तिकडे गेली.

वेळ? मागच्या फेरीत अर्ज २०१२च्या मे महिन्यात बंद झाले आणि पहिली चार नावं सुरू झाली ती ऑक्टोबर २०१३ मध्ये. या फेरीत गरजू संस्थांना शुल्कात ७५ ते ८५ टक्के सवलत होती, पण तिचा अर्ज वेगळा होता आणि त्याची मुदत मुख्य अर्ज सुरू होण्याआधीच संपली. आता कुणी ‘सवलत मिळवून देतो’ म्हणत आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नका. वीस-पंचवीस हजारांत ‘स्वतःचं डॉट’ विकणाऱ्यांपासूनही सावध राहा. ते बहुधा ब्लॉकचेनवरचं नाव असतं आणि तुमच्या गिऱ्हाइकाच्या साध्या मोबाइलवर उघडतच नाही.

माझ्या मते कामठ्यातल्या जवळपास कुणालाच हे दोन कोटी घालण्याचं कारण नाही. भारताची अशी नावं सांभाळणाऱ्या ‘निक्सी’ या संस्थेच्या अखत्यारीतलं ‘.इन’ किंवा देवनागरी ‘.भारत’ घ्या. वर्षाला काही शेकडे ते हजारेक रुपयांत काम होतं. ओळखपत्र, मोबाइल आणि ईमेल तयार ठेवा. पहिल्या वर्षाचा ९९ रुपयांचा भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर आधी वाचा. ‘प्रायव्हसी’चे, म्हणजे मालकाची माहिती लपवण्याचे, जादा पैसे ‘.इन’ला देऊ नका, ती सोय तिथे चालतच नाही. मुदत संपून नाव गेलं तर परत मिळवण्याचं शुल्क नूतनीकरणाच्या कितीतरी पट असतं.

आणि नोंदणी वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नव्हे, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर करा. देवनागरी पत्त्याचा ईमेल अजून बऱ्याच फॉर्मांना चालत नाही, म्हणून पाटीवर आणि पोत्यांवर ‘.भारत’ छापलंत तरी पत्रव्यवहारासाठी ‘.इन’ही घेऊन ठेवा.