न्हाणीघरातील काच आणि वाळणारे पाणी



नव्या घराच्या न्हाणीघरात शॉवरभोवती बसविलेले काचेचे पार्टिशन सहा महिन्यांतच धुरकट झाले असून रोज घासूनही ते उजळत नाही, असे चि. मुक्ताने कळविले आहे. घासण्यात कसूर झाली असे मानून तिने स्वतःला बोल लावू नये, कारण काचेवरचा तो पांढुरका थर मुख्यतः मळाचा नसून पाण्याचाच आहे. तिच्या सोसायटीत कूपनलिकेचे आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, ही गोष्ट या बाबतीत घासणीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

खडकांतून झिरपत येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यात साबणाला सहजी फेस येत नाही, म्हणून शालेय पुस्तकांत त्यास दुष्फेन पाणी म्हटले जाते. मुंबईला तलावांतून मिळणारे पावसाचे पाणी त्यामानाने पुष्कळ सुफेन असते. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या २०१२ च्या भारतीय मानकात दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही काचेला चालेलच असे नाही. समजा, पाण्यातील दुष्फेनता लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे आणि रोज जेमतेम ५० मिलिलिटर पाणी काचेवर वाळते, तर वर्षाकाठी सुमारे साडेपाच ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचाभर चुनखडी तिच्यावर साचू शकते.

एखादा थेंब वाळताना जवळून पाहावा. त्याची कड मधल्या भागाआधी सुकते, आतले पाणी कडेकडे ओढले जाते, त्यासोबत क्षारही तिकडे सरकतात, आणि शेवटी मध्यभाग जवळजवळ स्वच्छ व भोवती पांढरे कडे असा डाग उरतो. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटमधील कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यामुळे मागे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट राहते. चहाच्या पातेल्याच्या तळाशी जमणारा पापुद्रा तो हाच. त्यात साबणाची भर पडते. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम साबणातील स्निग्धाम्लांशी संयोग पावून चिकट, न विरघळणारी साय तयार करते व ती क्षारांच्या कणांना काचेशी जखडून ठेवते. डाळीचे पीठ लावून स्नान करणाऱ्यांच्या घरी ही साय धरत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

साचलेला थर काढताना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम भांडी घासण्याच्या द्रवाने व कोमट पाण्याने काच धुवून अंगाचे तेल काढून टाकावे, कारण तेलाखाली दडलेल्या क्षारापर्यंत पुढे लावायचे आम्ल पोहोचत नाही. त्यानंतर पांढरे व्हिनेगर, किंवा अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे सायट्रिक आम्ल विरघळवून केलेले द्रावण वापरावे. उभ्या काचेवरून द्रव क्षणात ओघळून जातो, म्हणून जुन्या सुती धोतराचे वा पंच्याचे तुकडे त्यात भिजवून काचेला चिकटवावेत आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावेत. आम्लाने कार्बोनेट विरघळते आणि साबणाची साय फुटून तिच्यातील स्निग्धाम्ल मोकळे होते. ते पुन्हा भांडी घासण्याच्या त्याच द्रवाने मऊ स्पंजने उचलून घ्यावे व भरपूर पाण्याने काच धुवावी.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. दोहोंच्या संयोगाने फसफस पुष्कळ होते, परंतु त्यात आम्ल व सोडा एकमेकांना निष्प्रभ करतात आणि ज्या आम्लाने क्षार विरघळायचा तेच खर्ची पडते. मात्र जमीन शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी असेल तर आम्ल तिच्यावर सांडू देऊ नये, कारण हे दगड मूलतः चुनखडीचेच असल्याने त्यांचे तेज कायमचे जाते. बाजारात बाटलीतून मिळणारे तीव्र अ‍ॅसिड काचेच्या बिजागऱ्या व नळ खाते, त्याची वाफ छातीत जाते. आणि कोणतेही आम्ल ब्लीचिंगच्या द्रवाशी एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा ही दोन्ही एकाच दिवशी एकाच न्हाणीघरात वापरूच नयेत. तारेची घासणी व ब्लेड यांनी काचेवर ओरखडे उठतात, ते पुसून जात नाहीत.

इतके करूनही काच स्पर्शाला गुळगुळीत लागते पण कोरडी होताच पुन्हा धुरकट दिसते, असे घडल्यास काचच झिजली आहे असे समजावे. पाणी दीर्घकाळ साचून राहिले की काचेतील सोडियम त्यात उतरते, पाणी अल्कधर्मी होते आणि अखेर काचेचा सिलिकाच पोखरू लागते. या अवस्थेत आम्लाचा काही उपयोग नसतो, कारागिराकडून सेरियम ऑक्साइडने पॉलिश करून घेणे एवढाच मार्ग राहतो.

म्हणूनच आंघोळीनंतरचे अर्धे मिनिट सर्वांत मोलाचे आहे. वरच्या कडेची बोटभर पट्टी फडक्याने कोरडी करून घ्यावी, तेथे काचेचा वायपर टेकवून तो एका दमात खालपर्यंत ओढावा, रबर फडक्यावर टिपावे, आणि पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून घ्यावा. काचेवर एकच बारीक रेघ वारंवार उरत असेल तर रबराच्या धारेला तेथे खाच पडली आहे असे जाणून ते बदलावे. पावसाळ्यात हवेतच ओल असल्याने पार्टिशनचे दार उघडे ठेवून पंखा चालू ठेवणेही आवश्यक ठरते.

काचेच्या तळाशी असलेली रबरी पट्टी बहुधा नजरेतून सुटते. तिच्या खोबणीत पाणी साचून काळी बुरशी धरते. पट्टी पिवळी पडून कडक झाली असेल तर तिच्यावर श्रम घालवू नयेत. जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा आणि काच ८ मिलिमीटर जाडीची आहे की १० याची नोंद दुकानात नेल्यास तंतोतंत नवी पट्टी मिळते.