हरिद्रेवरील बुरशींचा नामनिर्णय

निशा, कांचनी, वरवर्णिनी ही नावे वाचताना वैद्यास संभ्रम होत नाही. ती हरिद्रेचीच, हे निघंटूने सांगून ठेवलेले असते. हरिद्रेस पीडणाऱ्या बुरशींचाही असा निघंटू आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असावे.

उमरखेड तालुक्यातील एक हळद उत्पादक आमच्याकडे संधिवाताच्या उपचारासाठी येतात. मागील पावसाळ्यात त्यांनी दोन कागद पुढे ठेवले. करप्याचे कारण एकावर ‘कोलेटोट्रायकम कॅप्सिसी’, तर दुसऱ्यावर ‘कोलेटोट्रायकम ट्रंकेटम’ असे लिहिले होते. नावे दोन म्हणजे रोग दोन, म्हणून फवारण्याही दोन, असा त्यांचा हिशेब. त्यांचीच हळद आमच्या खलात येते. तेव्हा प्रश्न आमचाही होता.

‘इंडेक्स फंगोरम’ व ‘मायकोबँक’ हे बुरशींचे नामकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. नाव कोणी, केव्हा दिले आणि त्याचे पर्याय कोणते, हे त्यांत मिळते. त्या धाग्याने मागे गेल्यास उलगडा होतो. मिरचीवरील बुरशीस १९१३ मध्ये ‘व्हर्मिक्युलेरिया कॅप्सिसी’ हे नाव मिळाले; बटलर व बिस्बी यांनी १९३१ मध्ये तिला कोलेटोट्रायकम या प्रजातीत आणले. २००९ मध्ये जनुकीय अभ्यासातून ती आणि ‘ट्रंकेटम’ एकच असल्याचे दिसून आले. ‘ट्रंकेटम’चे मूळ नाव १८३२ चे, म्हणजे जुने, म्हणून नियमाप्रमाणे तेच ग्राह्य. १ जानेवारी २०१३ पासून तर मान्य कोशातील नोंदणीक्रमांकाशिवाय बुरशीचे नवे नावच वैध ठरत नाही. आपल्या संदिग्ध द्रव्यांना असा नियम लाभला असता तर!

कंदकुजीची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तिला कारण होणारे पिथियम आपण सवयीने बुरशी म्हणतो. वर्गीकरणात ते खऱ्या बुरशींपासून वेगळे, ऊमायसीट गटात पडते. हा भेद केवळ कागदावरचा नाही. सर्रास वापरले जाणारे कार्बेन्डाझिम पिथियमवर निष्प्रभ ठरते. निदान चुकले की खर्च वाया जातो, कंद कुजतच राहतो आणि औषधी द्रव्यात रसायनाचा अंश राहण्याची भीती वाढते ती वेगळीच.

तथापि नामकोश म्हणजे निदान नव्हे. पानावरचा ठिपका पाहून कोशातील नाव चिकटविणे हे नाडी न पाहता ग्रंथातील रोगनाम सांगण्यासारखेच. ट्रंकेटमचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली कोयत्यासारखे वक्र दिसतात; परंतु करप्यात कोलेटोट्रायकमच्या इतर जातीही आढळतात, आणि त्या केवळ आकारावरून सुटत नाहीत. शंका असल्यास नमुना तज्ज्ञांकडे पाठवावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संवर्धसंग्रह असून तेथे ओळख पटवून दिली जाते.

त्या गृहस्थांनी दुसरी फवारणी रद्द केली. शेताच्या सखल कोपऱ्यात काही गड्डे मऊ पडू लागले होते. तेथे त्यांनी आधी चर खणून साचलेले पाणी काढून दिले, आणि मगच एक रोगट गड्डा तपासणीसाठी पाठविला.