कुरणांच्या प्रदेशाचा नकाशा

अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर प्रदेश वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला आहे. 'सँडहिल्स' हे त्याचे नाव. गवतामुळे या टेकड्या जागच्या जागी स्थिर आहेत. नांगर लावला की वाळू उडू लागते. म्हणून येथे शेती थोडी आणि गुरांची विस्तीर्ण कुरणे, म्हणजे 'रँच', फार. या प्रदेशाचा स्थलदर्शक नकाशा उघडला, की प्रथम निराशाच होते. तपकिरी समोच्च रेषांचे जाळे, एखादा रस्ता आणि मधूनमधून एकच शब्द : 'विंडमिल', पवनचक्की.

हा शब्द इतक्या वेळा का यावा? पावसाचे पाणी वाळूत मुरते व ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्याला मिळते. त्यामुळे पुष्कळ भागात ओढे नाहीत, पण जमिनीखाली पाणी आहे. पवनचक्की ते उपसून गुरांच्या हौदात सोडते. तेव्हा पवनचक्क्यांच्या जागा पाहिल्या, की गुरे कोठे चरत असतील याचा अंदाज येतो. काही बंद समोच्च रेषांना आतल्या बाजूने बारीक दाते काढलेले दिसतील. ती टेकडी नव्हे, खळगा होय! खळग्याचा तळ भूजलपातळीच्या खाली गेला, की तेथे तळे होते. तुटक निळ्या रेषेचे तळे मात्र बारमाही नसते.

आता जुनी व नवी पत्रके शेजारी ठेवू. १९०४ च्या किंकेड कायद्याने पश्चिम नेब्रास्कात प्रत्येक वसाहतकऱ्याला ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल, जमीन मिळू लागली. गुरे पाळण्यास ती अपुरी पडली आणि अनेकांनी ती मोठ्या रँचवाल्यांना विकली. जुन्या पत्रकावरील शाळेची खूण नव्यावर नसेल, तर वस्ती उठल्याची शंका घ्यावी. पण शंकाच! कारण १:१,२५,००० प्रमाणावर तो चौरस मैल जेमतेम १.३ सेंटिमीटर बाजूचा चौकोन होतो, तर १:२४,००० वर ६.७ सेंटिमीटर बाजूचा. लहान चौकोनात काय दाखवायचे व काय गाळायचे, हे समतल फलक घेऊन हिंडणारा सर्वेक्षक ठरवी. पुढे काही पत्रकांवर जांभळ्या रंगात दुरुस्त्या आल्या. त्या हवाई छायाचित्रांवरून केलेल्या असून प्रत्यक्ष जागेवर तपासलेल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

भारतीय सर्वेक्षण खात्याचे १:५०,००० प्रमाणाचे पत्रक शाळेत असेल, तर त्यावर एक मैल किती भरेल ते काढून पाहा. (उत्तर : सुमारे ३.२ सेंटिमीटर.)