मुखवट्यामागचा कारागीर : एमएफ डूम

हिप हॉप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात जाडजूड सोन्याची चेन, लांबलचक गाडी आणि व्हिडिओभर गायकाचा स्वतःचाच चेहरा! पण याच हिप हॉपमध्ये एक माणूस असा होऊन गेला, ज्याने जवळजवळ वीस वर्षं आपला चेहरा धातूच्या मुखवट्याआड ठेवला आणि तरीही नाव कमावलं. त्याचं खरं नाव डॅनियल डुमिले, पण जग त्याला एमएफ डूम म्हणून ओळखतं. माइक हातात असला की तो 'मेटल फेस' आणि संगीत तयार करायला बसला की 'मेटल फिंगर्स'. म्हणजे रॅपर आणि प्रोड्यूसर दोन्ही एकाच नावात!

मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगवाले. एखादं मशीन आवडलं की आपण ते उघडून बघतो. या कलाकाराचं कामही आज तसंच उघडून बघू या.

पहिला डाव मोडला

डूमचा जन्म १९७१ साली लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला आलं. तिथे त्याने धाकटा भाऊ सबरॉक याच्याबरोबर केएमडी नावाचा ग्रुप काढला. १९९१ साली इलेक्ट्रा या मोठ्या लेबलने त्यांचा पहिला अल्बम 'मिस्टर हूड' काढला. दुसरा अल्बम पूर्ण होत आला होता. तेवढ्यात १९९३ साली रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसून सबरॉक गेला.

भावाशिवाय त्याने तो अल्बम पूर्ण केला. कव्हरवर त्याने काळ्या लोकांची टिंगल करणारं एक जुनं वर्णद्वेषी व्यंगचित्र फासावर लटकताना दाखवलं होतं. हेतू त्या चित्राचा निषेध करण्याचा, पण अर्थ उलटाच घेतला गेला. वाद झाला आणि १९९४ साली लेबलने अल्बम रद्द करून ग्रुपलाही काढून टाकलं. भाऊ गेला, अल्बम गेला, करारही गेला. पुढची काही वर्षं त्याने अक्षरशः बेघर होण्याच्या काठावर काढली.

इथे 'लेबल' म्हणजे काय ते समजून घेतलं पाहिजे. मोठं लेबल कलाकाराला आगाऊ रक्कम देतं आणि ती नंतर त्याच्याच वाट्यातून वसूल करतं. 'मास्टर', म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, सहसा लेबलच्या मालकीचं असतं. अल्बम बाजारात आणायचा की कपाटात ठेवायचा, हेही तेच ठरवतं. स्वतंत्र म्हणजे इंडिपेंडंट लेबलकडे पैसा कमी, जाहिरात जवळजवळ नाही, पण निर्णयात कलाकाराचा हात मोठा. डूमने पुढे हाच रस्ता धरला.

मुखवटा कशासाठी?

१९९७-९८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या न्युयोरिकन पोएट्स कॅफेमध्ये ओपन माइकला एक जण तोंडावर स्टॉकिंग ओढून रॅप करायला लागला. तो डूमच. पुढे स्टॉकिंगच्या जागी मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकासारखा धातूचा मुखवटा आला. १९९९ साली बॉबिटो गार्सिया या रेडिओवाल्याच्या छोट्याशा 'फॉन्डल एम' लेबलवर 'ऑपरेशन: डूम्सडे' निघाला. बहुतेक सगळं संगीत त्याचं स्वतःचं. त्याचं म्हणणं साधं होतं : मी दिसतो कसा ते बघू नका, काय म्हणतो ते ऐका.

बीट कसा बनतो? थोडं गणित

डूमचं हत्यार म्हणजे सॅम्पलर. जुन्या रेकॉर्डमधला दोन-चार सेकंदांचा तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा (लूप) आणि त्याखाली ड्रम बसवायचे.

समजा आपल्याला मिनिटाला ९० ठोके हवेत. एक ठोका ६० भागिले ९०, म्हणजे ०.६७ सेकंदाचा. चार ठोक्यांचा एक बार झाला २.६७ सेकंदांचा. पण मूळ गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं असेल तर? तुकडा ०.९ पट वेगाने वाजवायचा. साध्या सॅम्पलिंगमध्ये वेग कमी केला की सूरही उतरतो, जुन्या टेपचे सेल उतरल्यावर आवाज जाड व्हायचा तसाच. १२ गुणिले लॉग (पाया २) ०.९ केलं की उत्तर येतं उणे १.८. म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून जवळजवळ दोन पट्ट्या खाली! मूळ गाणं ओळखीचं असूनही वेगळं का वाटतं, त्याचं एक कारण हे.

मग ही चोरी नाही का? प्रश्न रास्त आहे. १९९१ साली अमेरिकेत कोर्टाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासून परवानगी न घेता सॅम्पल वापरणं महागात पडू लागलं. कायद्याची बाजू ही. कलेची बाजू अशी, की डूमने क्विन्सी जोन्स, शाडे अशांच्या गुळगुळीत गाण्यांचे तुकडे घेतले, मध्ये कार्टूनमधले संवाद जोडले आणि त्यातून खलनायकाची नवीच गोष्ट उभी केली. नुसता लूप कोणीही वाजवेल. त्यावर आपलं काय घातलं, तेच महत्त्वाचं.

शब्दांची जुळणी

आपण शाळेत शिकलो ते यमक ओळीच्या शेवटी येतं : पोळी, गोळी, झालं काम! डूम मात्र तीन-चार अक्षरांचे गट जुळवायचा, आणि तेही ओळीच्या मधोमध. मराठीत करायचं तर 'रात्रपाळी' आणि 'मात्र टाळी' : चारही अक्षरं जुळली. अशा जोड्या ओळीमागून ओळ लावायच्या, अर्थ सांभाळायचा आणि वर विनोदही करायचा. करून बघा, एक ओळ लिहायला अख्खी रात्र जाते!

२००३-०४ हा त्याचा सगळ्यात भरात असलेला काळ. किंग गीडोरा, व्हिक्टर व्हॉन अशी वेगवेगळी नावं, प्रत्येक अल्बम वेगळ्या लेबलवर. २००४ मधल्या 'एमएम..फूड'चं नाव तर त्याच्याच नावाच्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट. त्याच वर्षी प्रोड्यूसर मॅडलिबबरोबर 'मॅडव्हिलनी' आला. (याच मॅडलिबने २००७ साली हिंदी सिनेमाच्या संगीतावरून एक अख्खा बीट-अल्बम केला.) 'मॅडव्हिलनी'चे काही बीट मॅडलिबने ब्राझीलच्या हॉटेलच्या खोलीत छोट्या एसपी-३०३ सॅम्पलरवर बनवले होते. रिलीजच्या वर्षभराहून आधी कच्ची गाणी चोरीला जाऊन सगळीकडे पसरली. दुसरा कोणी खचला असता. डूमने गाणी पुन्हा, जास्त शांत आवाजात म्हटली. आज जो अल्बम लोक डोक्यावर घेतात, तो हा दुसरा प्रयत्न आहे.

मुखवट्याची दुसरी बाजू

पण सगळंच कौतुक करून चालणार नाही. २००७ च्या सुमारास काही शोमध्ये मुखवटा घालून दुसराच माणूस स्टेजवर आला आणि नुसते ओठ हलवून गेला. लोक चिडले. पात्र कोणीही करावं, दिग्दर्शक मी आहे, असं समर्थन त्याने केलं. मला ते पटत नाही. चेहरा नको, काम बघा, हे त्याचं वचन होतं. तिकीट काढून आलेल्यांना त्या दिवशी चेहराही मिळाला नाही आणि कामही नाही.

२०१० साली युरोपचा दौरा करून परतताना त्याला अमेरिकेत प्रवेश नाकारला गेला. आयुष्य तिकडे गेलं, पण नागरिकत्व घेतलेलं नव्हतं. उरलेली वर्षं त्याने इंग्लंडमध्ये काढली. ३१ ऑक्टोबर २०२० ला, ४९ व्या वर्षी तो गेला. जगाला ते दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला कळलं. जाणंसुद्धा मुखवट्याआडून!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एकाच जर्नलवरून दहा जर्नल छापली जातात, हे आपल्याला नवीन नाही. मीही छापली आहेत. डूमबद्दल वाचल्यापासून मात्र एक प्रश्न मनातून जात नाही. कव्हरवरचं नाव झाकलं, तर आतलं काम माझं आहे हे कोणी ओळखेल का?