डोंगराची जमीन कोणत्या कामीं लावावी?

ता. 30 जुलै 2014 रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत डोंगराचा उतार खचून माळीण गांवावर आला. रोजच्या फेरीच्या एस. टी. गाडीचा चालक तेथें पोहोंचला, तों त्यास गांवच दिसेना; त्यानेंच ही वार्ता बाहेर कळविली. त्या चिखलाखालीं 150 हून अधिक माणसें गेलीं.

हें असें कां होतें, तें आधीं नीट समजून घेऊं. सह्याद्रींत खालीं काळा कातळ आणि त्यावर झिजलेल्या दगडामातीचा थर असतो. पाऊस बेताचा पडला तर पाणी हळूहळू मुरून झऱ्यावाटे निघून जातें. मुसळधार पाऊस दिवसच्या दिवस लागून राहिला म्हणजे तो थर पाण्यानें जड होतो, त्याची कातळावरील पकड सुटते, आणि तो एकदम खालीं घसरतो. झाडांचीं मुळें त्यास कांहीं अंशीं धरून ठेवितात. पण उताराचा पायथा रस्त्याकरितां किंवा घराकरितां कापला म्हणजे त्याचा आधारच जातो. माळीणच्या वरच्या अंगास शेतीकरितां जमीन सपाट केली होती, हेंही एक कारण कांहीं अभ्यासकांनीं दिलें. ह्यांत शेतकऱ्यास बोल लावणें मात्र सोपें आहे. डोंगरांत ज्यास भात पिकवावयाचें आहे, त्यानें खाचर पाडूं नये तर काय करावें? त्यांतून पावसाचीही चाल बदलली आहे. मध्य भारतांत 1950 पासून 2015 पर्यंत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनें वाढले, असें हवामानशास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे.

म्हणून कोणती जमीन रानास, कोणती नांगरास, कोणती घरांस, हें संकट येण्यापूर्वींच ठरवावें लागतें; आणि तें एकट्या गांवास ठरवितां येत नाहीं. वरच्या गांवानें माथा उघडा केला तर गाळ खालच्या गांवाच्या ओढ्यांत येतो. महाराष्ट्रांत ह्याकरितां 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे. त्याअन्वयें प्रदेशाचा आराखडा तयार होतो आणि त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात.

सबंध पश्चिम घाटाचा असा विचार करण्यास 2010 सालीं प्रा. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली गेली. 2011 च्या अहवालांत तिनें घाटाच्या तीन प्रती पाडल्या, आणि निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी असें सांगितलें. पण ज्या ग्रामसभांस तो वाचावयाचा, त्यांच्यापासूनच तो अहवाल दडून राहिला! प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें, तेव्हां कोठें 2012 च्या मे महिन्यांत तो खुला झाला. पुढें डॉ. कस्तुरीरंगन ह्यांच्या समितीनें 2013 सालीं घाटाचा सुमारें 37 टक्के भाग राखावा अशी शिफारस केली. 2014 पासून सरकारनें मसुदे काढले. सहावा 31 जुलै 2024 ला निघाला, म्हणजे केरळांतील वायनाड येथें दरड कोसळून शेंकडों माणसें मेलीं त्याच्या दुसऱ्या दिवशीं.

मधल्या काळांत गांवोगांवीं भीति पसरली कीं, आतां घरदार जाणार, शेती बंद होणार. वाचकहो, त्या मसुद्यांतील मनाई खाणींस, वाळूच्या उपशास, औष्णिक वीजकेंद्रांस, अतिप्रदूषक कारखान्यांस व 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांस आहे; नांगरास नाहीं. हें गांवच्या भाषेंत वेळेवर वाचून दाखविलें असतें तर निम्मी भीति उठलीच नसती, असें आम्हांस वाटतें.

डोंगराखालीं राहणाऱ्यांनीं पावसाळ्यांत हीं चिन्हें ओळखावीं: उतारावर नवी लांब भेग पडणें, झाडें वा खांब कलणें, घराचीं दारें एकाएकीं अडकूं लागणें, कोरड्या जागीं झरा फुटणें, वाहत्या ओढ्याचें पाणी गढूळ होणें किंवा अचानक आटणें. ह्यांतील एकही दिसल्यास प्रथम माणसें हलवावीं, मग तलाठ्यास व तहसीलदारास कळवावें. आपलें गांव सरकारी यादींत नाहीं म्हणून थांबूं नये. रायगड जिल्ह्यांतील इरशाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्रीं दरड आली. ती वाडी धोक्याच्या गांवांच्या यादींत नव्हती.